चार रात्रींच्या जहाजासाठी भरलेल्या बॅगा

सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून पुन्हा सिंगापूरला परतणाऱ्या चार रात्रींच्या क्रूझची तिकिटे आम्ही काढली, तेव्हा आमच्या चौघांपैकी कोणाच्याही पासपोर्टवर एकही शिक्का नव्हता. मी, माझे यजमान, नणंद आणि पंचाहत्तरीला आलेल्या सासूबाई अशी आमची मंडळी. नाशिकहून आजवर आम्ही जिथे जिथे गेलो तिथे बॅग आमच्या बरोबरच असायची, रेल्वेत बाकाखाली आणि गाडीत पायाशी, त्यामुळे काही विसरले तर वाटेत थांबून चेन उघडायची एवढाच प्रश्न असे. या प्रवासात मात्र बॅग तीनदा आपल्यापासून दूर जाते: विमानतळावर, जहाजावर चढताना आणि जहाजावरून उतरायच्या आदल्या रात्री. वस्तूंच्या याद्या पुष्कळ जण देतात, परंतु कोणती वस्तू नेमकी कोणत्या वेळी हाताशी लागणार आहे, हे ठरवून बॅग भरायची असते, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते. पहिल्यांदाच जाणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

सर्वांत आधी स्वयंपाकघरातली गोष्ट सांगते. डिसेंबर महिना होता आणि सासूबाईंनी प्रवासासाठी डिंकाचे लाडू वळले होते. तुपात फुलवलेला डिंक, खारकेची पूड, किसून भाजलेले खोबरे, गूळ आणि सढळ हाताने घातलेली खसखस. निघायच्या तीन दिवस आधी नणंद सिंगापूरच्या अमली पदार्थविरोधी खात्याचे नियम वाचत बसली होती. वाचता वाचता ती थांबली आणि तिने तो परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवला. खसखशीत मॉर्फिनचा अंश असू शकतो, म्हणून सिंगापूरमध्ये ती आणण्यास मनाई आहे. संयुक्त अरब अमिरातीतही हाच नियम आहे, तेव्हा दुबईला मुलाबाळांकडे जाणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. आम्ही सगळ्यांनी लाडवांच्या डब्याकडे पाहिले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बाळंतिणीला देतो आपण खसखस, ती कुणाला काय करणार?" मग थोडा वेळ त्या गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "पण ज्याच्या घरी जायचं त्याचा नियम पाळायचा. हा डबा राहू दे इथेच, मी दुसरे करते." त्यांनी परात दोनदा घासून घेतली, कढई पुसून उन्हात ठेवली आणि संध्याकाळी खसखस न घालता पुन्हा एकवीस लाडू वळले. तेवढ्यात माझ्या लक्षात आले की आमच्या गोड्या मसाल्यातही खसखस असते; तीही पुडी बॅगेतून बाहेर काढली. खसखस म्हणजे केवळ डब्यातली खसखस नव्हे. लाडू, अनारसे, मसाले, वाटणे हे सगळे त्यात आले. च्युइंगम आणि ई-सिगारेटलाही तिथे बंदी आहे, पण आमच्याकडे त्याचा प्रश्न नव्हता.

नणंदेच्या सिंगापूरमधल्या मैत्रिणीने सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मागवल्या होत्या. त्याही राहिल्या, कारण सुके खोबरे हा आपोआप तापून पेट घेऊ शकणारा पदार्थ म्हणून विमानवाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत आहे. खोबऱ्यातल्या तेलामुळे असे होते. पॉवर बँक नेता येते, पण ती मोठ्या बॅगेत चालतच नाही, केबिनमधल्या बॅगेतच ठेवावी लागते.

औषधांबाबत मात्र कोणीही घाई करू नये, असे मी कळकळीने सांगेन. सासूबाईंना रक्तदाबाच्या आणि झोपेच्या अशा दोन गोळ्या चालू आहेत. झोपेच्या आणि चिंतेवरच्या काही गोळ्या, तसेच कोडीन असलेली खोकल्याची औषधे सिंगापूरला नेण्यासाठी तिथल्या आरोग्यविज्ञान प्राधिकरणाची परवानगी आधी घ्यावी लागते, आणि त्यासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. आम्ही आमच्या डॉक्टरांकडून औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि कारण इंग्रजीत लिहून घेतले, वेळेत अर्ज केला आणि परवानगीचा कागद छापून औषधांच्याच पिशवीत ठेवला. एरवी आम्ही आठवड्याच्या गोळ्या वारांच्या कप्प्यांच्या डबीत काढून नेतो. या वेळी त्या मूळ पाकिटातच राहू दिल्या, म्हणजे कोणी विचारले तर नाव वाचता येते. जहाज लागू नये म्हणून अ‍ॅव्होमिनची एक पट्टी आणि आलेपाकाच्या वड्या घेतल्या होत्या. मलाक्काची सामुद्रधुनी सुमात्रा आणि मलय द्वीपकल्प यांच्यामध्ये अडोशाला असल्याने त्या दिवसांत पाणी शांत मिळाले, आणि आलेपाक आम्ही आवडीने खाऊन संपवला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. जहाज सिंगापूर सोडून परत सिंगापूरलाच येते, म्हणून तिथला व्हिसा एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा आहे ना, हे तपासावे. सिंगापूरचे आगमनपत्र पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते. सगळ्यांच्या पासपोर्टच्या छायाप्रती दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवाव्यात.

आता जहाजावर चढतानाची गोष्ट. मरीना बे क्रूझ सेंटरवर आम्ही सकाळी अकराला पोहोचलो. तिकिटाबरोबर आलेल्या पट्ट्या बॅगांना अडकवल्या, आणि हमालांनी चारही बॅगा नेल्या, त्या थेट संध्याकाळी साडेपाचला खोलीच्या दारात दिसल्या. मधल्या साडेसहा तासांत आपण जेवतो, खोली पाहतो आणि सुटण्याआधी सर्वांना सक्तीची असलेली सुरक्षेची कवायत करतो; लहान मुले तर पोहण्याच्या तलावाकडेच धावतात. म्हणून पासपोर्ट, औषधे, चष्मा, चार्जर, पोहण्याचे कपडे आणि एक हलका कपड्यांचा जोड खांद्यावरच्या पिशवीत हवा. आमच्या शेजारच्या खोलीतल्या एका गृहस्थांची इन्सुलिनची पिशवी मोठ्या बॅगेत गेली होती, आणि ती मिळेपर्यंतची त्यांच्या पत्नीची तगमग मी डोळ्यांनी पाहिली आहे.

इस्त्री, किटली आणि साधे एक्स्टेंशन बोर्ड आगीच्या भीतीने जहाजावर नेऊ देत नाहीत; तपासणीत सापडले तर काढून घेतात आणि उतरताना परत देतात. आम्हाला हे आधी कळले होते, म्हणून सासूबाईंनी आपल्या आवडीच्या सुती साड्या कपाटात ठेवून न चुरगळणाऱ्या चार साड्या काढल्या. एका संध्याकाळी जेवणाला सर्वांनी नटून येण्याची पद्धत असते, त्यासाठी मात्र त्यांनी आपली जुनी हिरवी पैठणी घेतली. ती जुन्या मलमलीच्या ओढणीत गुंडाळून, सगळ्यांत वर आडवी ठेवली होती. त्या संध्याकाळी जेवणघरात निदान तीन अनोळखी बायका त्यांच्या पदरावरचे मोर पाहायला आमच्या टेबलापाशी आल्या, आणि सासूबाईंनी त्यांना पदर हातात धरून दाखवला. यजमानांनी सूट न शिवता सदरा आणि जाकीट घेतले, ते उत्तम शोभले.

घरी केलेले पदार्थही जहाजावर चालत नाहीत, पॅकबंद असेल तेच नेता येते, म्हणून लाडू आम्ही सिंगापूरच्या पहिल्या दोन दिवसांतच संपवले. विषुववृत्ताजवळचा दमट उकाडा आणि डिसेंबरातला पाऊस यांसाठी पातळ कपडे व छत्री लागते हे खरे, पण जहाजाच्या आत एसी इतका असतो की रात्रीच्या कार्यक्रमांना शाल किंवा स्वेटर लागतोच. खोलीच्या भिंती धातूच्या असल्याने लोहचुंबकाचे हुक त्यांना चिकटतात. घरातले सहा हुक नेले होते, त्यांवर पिशव्या, टोप्या आणि ओले टॉवेल व्यवस्थित राहिले. फुकेतला जहाज किनाऱ्यापासून दूर थांबले आणि लहान बोटीने नेले, तेव्हा भिजली तरी चालेल अशी, पायाला घट्ट बसणारी चप्पल उपयोगी पडली. तिथल्या वाट चलोंग मंदिरात खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात, त्यामुळे यजमानांनी पूर्ण लांबीची पँट घातली होती.

तिसऱ्यांदा बॅग दूर जाते तेव्हा आमची चूक झाली. शेवटच्या रात्री रंगीत पट्ट्या लावून बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीतून खाली जातात आणि सकाळी थेट बंदराच्या इमारतीत मिळतात. मी सासूबाईंची सकाळची साडी आणि ब्लाउज खुर्चीवर काढून ठेवले आणि बॅगेची चेन लावली. परकर आत राहिला. हे लक्षात आले पहाटे साडेपाचला, आणि तोवर खोलीबाहेरच्या बॅगा खाली गेल्या होत्या. सासूबाई म्हणाल्या, "रडू नकोस गं, काहीतरी करू." नणंदेने आपला घट्ट नाडीचा पायजमा त्यांना दिला, आम्ही दोघींनी मिळून त्यावर निऱ्या खोचल्या आणि चार पिना लावल्या. अशा वेळी साडी, ब्लाउज आणि परकर हे वेगवेगळे कपडे नसून एकच वस्तू आहे असे धरून ते एकत्र गुंडाळून ठेवायला हवे होते.

खाली दालनात शेकडो बॅगा रंगांप्रमाणे ओळीने उभ्या होत्या. आमची पिवळी ओळ अगदी टोकाला होती. सासूबाई एका हाताने निऱ्या सावरत सावकाश तिथवर चालत गेल्या, आपल्या बॅगेपाशी वाकून चेन थोडीशी उघडली, परकर ओढून काढला आणि नणंदेचा हात धरून स्त्रियांच्या प्रसाधनगृहाकडे वळल्या.