कॅपेल केलिन : बुडालेल्या गावाचा माग कसा काढायचा

उत्तर वेल्समधल्या बालाहून ए४२१२ रस्त्याने पश्चिमेला निघालं की थोड्याच वेळात डाव्या हाताला लिन केलिन हा धरणाचा जलाशय लागतो. कॅपेल केलिन हे गाव याच्याच पाण्याखाली गेलं. जलाशय सुमारे चार किलोमीटर लांब, दीड किलोमीटर रुंद आणि सर्वांत खोल जागी ४३ मीटर. बहुतेक गाड्या धरणाच्या भिंतीपाशी थांबतात. फोटोपुरतं ते ठीक आहे, पण गाव शोधायला आलेल्याने तिथे वेळ घालवू नये. त्याच रस्त्याने पुढे जाऊन काठावरचं स्मारक चॅपेल (छोटं ख्रिस्ती प्रार्थनास्थळ) गाठावं. आम्ही तिथूनच सुरुवात करतो.

त्रवेरिन नदीच्या या खोऱ्यात चॅपेल, शाळा, पोस्ट आणि बारा घरं-शेतवाड्या होत्या. वस्ती ६७ माणसांची, त्यातल्या ४८ जणांची घरं गेली. संख्या किरकोळ वाटेल, पण हे पूर्ण वेल्शभाषक गाव होतं. मुलं वेल्शमध्ये शिकत, रविवारी चॅपेलच्या संडे स्कूलला, म्हणजे धार्मिक शिकवणीच्या वर्गाला, लहानांबरोबर मोठेही बसत. म्हणून शाळा आणि चॅपेल एकाच वर्षी बंद होणं म्हणजे गावच मोडणं होतं: शाळा जुलै १९६३ मध्ये बंद झाली, चॅपेलमधली शेवटची उपासना २८ सप्टेंबरला.

धरण हवं होतं इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला, पाण्यासाठी आणि उद्योगांसाठी. शहराच्या कौन्सिलने थेट ब्रिटिश संसदेत खासगी विधेयक (एखाद्या संस्थेने स्वतःच्या कामासाठी मागितलेला कायदा) नेलं, त्यामुळे वेल्समधल्या स्थानिक नियोजन अधिकाऱ्यांची परवानगी लागलीच नाही. सगळी मेख तिथे आहे. नोव्हेंबर १९५६ मध्ये धरणग्रस्त गावकरी मुलाबाळांसह लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन गेले. वेल्सच्या ३६ खासदारांपैकी ३५ जणांनी विरोध केला, उरलेल्या एकाने मतच दिलं नाही. तरीही १९५७ मध्ये कायदा झाला. १९६२ आणि १९६३ मध्ये बांधकामाच्या ट्रान्सफॉर्मरवर घातपात झाले, पण काम थांबलं नाही. २१ ऑक्टोबर १९६५ चा उद्घाटन समारंभ निदर्शकांनी काही मिनिटांत उधळला. लिव्हरपूलने माफी मागितली ती २००५ मध्ये.

स्मारक चॅपेल १९६७ चं. आत जायला मिळेलच असं धरून येऊ नका. पाहायचं ते आवारातच आहे. जुन्या दफनभूमीतल्या थडग्यांच्या पाट्या इथे आणून मांडल्या आहेत. मजकूर वेल्शमध्ये, त्यामुळे घाईत आलेला माणूस नजर फिरवून निघतो. थांबून आडनावं आणि शेतवाड्यांची नावं जुळवली, तर बुडालेलं गाव घराघराने समोर येतं. मात्र पाट्या इथे आहेत म्हणून माणसंही इथेच पुरली आहेत, असा समज नको. आठ मृतांचे अवशेष नातेवाइकांच्या मागणीवरून लॅनिकिल आणि ट्राउसव्हनिद या गावांच्या दफनभूमींत हलवले, बाकीचे पाण्याखालीच राहिले. दफनभूमीवर खडी आणि काँक्रीटचा थर घालायचा होता, पण ते काम अर्धवटच झालं. ज्यांनी बुडवलं त्यांनीच स्मारक बांधून दिलं, ही गोष्ट मला तरी अजून खटकते.

पाणी खूप उतरलं की काही अवशेष वर येतात. १९८९ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत ते दिसले होते. पावसाळी वर्षी काहीच दिसत नाही, म्हणून सहल ठरवण्याआधी जलाशयाची पातळी बघा. उन्हाळ्याच्या शेवटी शक्यता जास्त, कारण डी नदीचा प्रवाह टिकवायला इथून पाणी सोडलं जातं. चेस्टरजवळ ते नदीतून उचलतात. इमारती आधीच पाडल्या होत्या, त्यामुळे चॅपेल उभं दिसेल ही आशा सोडा. दिसतात ते भिंतींचे तळ, दगडी बांध, जुना पूल. शिवाय गाळ वरून सुकलेला वाटतो आणि पाय ठेवला की आत जातो, तेव्हा काठावरच्या खडकाळ भागावरूनच बघा.

खोऱ्याची आणखी जुनी बाजू म्हणजे हाव्हॉद व्हादोग ही शेतवाडी. इथे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे सुरुवातीचे लोक जमत आणि छळाला कंटाळून त्यांच्यातले अनेक अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाला गेले. वाडीही पाण्यात गेली, आता काठावर एक फलक आहे.

‘त्रवेरिनची आठवण ठेवा’ हे वेल्शमधलं वाक्य रंगवलेली प्रसिद्ध भिंत मात्र या जलाशयाजवळ नाही, तरी लोक ती इथेच शोधत फिरतात. ती आबेरिस्टविथच्या दक्षिणेला लानरिस्टिडजवळ, ए४८७ रस्त्यालगत आहे. तिच्यासाठी वेगळा दिवस ठेवा.