स्थावरकाचं ‘नाही’

डिसेंबर, इंदूर. रात्र.

आज आत्याला शूद्रकाच्या मृच्छकटिक या संस्कृत नाटकाचा आठवा अंक वाचून दाखवला आणि तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून वाचायला बंदी आहे, म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आले की मी रामबागेत तिच्याकडे जाते, ती मटार सोलत बसते आणि मी वाचते. नाटक तिनेच निवडलं. म्हणाली आपण इंदूरची माणसं, उज्जैन इथून तासा-दीड तासावर, दर श्रावणात महाकालाला जातो आणि उज्जयिनीत घडलेलं हे नाटक मात्र नीट वाचलेलं नसतं, फक्त ‘उत्सव’ सिनेमा बघितलेला असतो. खरंय. मलाही रेखा आणि शशी कपूरच आठवत होते, आणि देवलांनी याचं संगीत नाटक केलं होतं एवढं ऐकून माहीत होतं.

या नाटकातला चांगला माणूस कोण म्हटलं की सगळे चारुदत्ताचं नाव घेतात. दानात सगळं देऊन टाकलं, गरीब झाला, तरी मन मोठं. मला मान्य आहे, पण वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. त्याच्यावर प्रेम करणारी गणिका वसंतसेना, तिने ठेवायला दिलेले दागिने शर्विलक नावाचा चोर भिंत फोडून नेतो, तेव्हा चारुदत्ताची अब्रू वाचते ती त्याच्या बायकोमुळे, धूतेमुळे. माहेरून आलेली रत्नमाला ती काढून देते, आणि तीसुद्धा थेट नाही, नवऱ्याला कमीपणा वाटायला नको म्हणून व्रताचं दान म्हणत त्याचा मित्र मैत्रेय याच्या हातात ठेवते.  मग चारुदत्त वसंतसेनेला निरोप पाठवतो की तुझे दागिने मी जुगारात हरलो, त्याबदल्यात ही माळ घे. उदारपणा त्याचा आणि माळ तिची, असं मी म्हटलं तर आत्या म्हणाली, अगं घरोघरी तेच असतं, पुढे वाच.

तर पुढे आठवा अंक. वसंतसेनेच्या मागे लागलेला राजाचा मेहुणा शकार, त्याचा गाडीवान स्थावरक. खरं तर स्थावरकाची गोष्ट आधीच सुरू होते, सहाव्या अंकात, आणि तिथे तो पटकन निसटतो. तो धन्याची गाडी घेऊन बागेकडे निघालाय, रस्ता गावाकडच्या गाड्यांनी तुंबलाय, आणि कुणीतरी हाक मारतं की बाबा जरा चाकाला हात लाव. त्याच्या मनात आधी येतं की मी राजाच्या मेहुण्याचा गाडीवान, मी कशाला हात लावू? मग वाटतं बिचारा एकटा आहे, आणि उतरतो. त्याची गाडी नेमकी चारुदत्ताच्या बागेच्या दारापाशी उभी, वसंतसेनेला वाटतं ही आपल्यासाठीच आलेली, ती चढते आणि पोहोचते थेट शकाराकडे. म्हणजे एवढा अनर्थ झाला तो एकाच्या चाकाला हात लावायला गेला म्हणून. हे वाचल्यावर मी थांबलेच, आत्याही थांबली, मटाराची शेंग हातात तशीच.

वसंतसेना त्याला झिडकारते तेव्हा शकार आधी विटाला सांगतो, हिला मार. विट म्हणजे त्याच्या संगतीतला शिकलेला, बोलण्यात हुशार माणूस. तो नकार देतो. शकार म्हणतो इथे कोण बघतंय, तर विट यादीच वाचतो, दहा दिशा बघतायत, वनदेवता बघतायत, चंद्र, सूर्य, वारा, आकाश, आपला आत्मा, ही जमीन. त्यावर शकार म्हणतो, मग पदराने झाकून मार! इतकं खुळं आणि इतकं भयानक वाक्य मी क्वचित वाचलंय.

मग तो स्थावरकाकडे वळतो. सोन्याची कडी देईन, सोन्याचं आसन देईन, सगळ्या नोकरांचा मुख्य करीन. स्थावरक सगळ्याला हो हो म्हणतो. आणि काम ऐकल्यावर नाही म्हणतो. मी तुझा मालक ना, असं शकार विचारतो, तेव्हा तो म्हणतो की धनी माझ्या शरीराचे मालक, चारित्र्याचे नाही.

हे कोण बोलतंय बघा. राजा नाही, ऋषी नाही, जन्मापासून गुलाम असलेला गाडीवान. संस्कृत नाटकात असली माणसं प्राकृतात बोलतात, चारुदत्तासारखे संस्कृतात, आणि अख्ख्या नाटकातलं सगळ्यात ताठ वाक्य या प्राकृत बोलणाऱ्याच्या वाट्याला आलंय. शूद्रकाला मी यासाठी मानलं.

पण खरी गंमत पुढे आहे आणि त्यावरूनच माझं आणि आत्याचं जुंपलं. शकार विचारतो तू घाबरतोस कुणाला? तो म्हणतो परलोकाला. पुण्याचं फळ कसं असतं? तर धन्यासारखं, अंगभर सोनं. पापाचं? माझ्यासारखं, दुसऱ्याच्या अन्नावर जगणारं. म्हणजे त्या बिचाऱ्याला खरोखर वाटतंय की हा समोरचा नीच माणूस गेल्या जन्मी पुण्यवान होता आणि आपण पापी, म्हणून गुलाम झालो, आता आणखी पाप विकत घ्यायचं नाही. मी म्हटलं आत्या, हे तर भीतीपोटी झालं, भीतीने वाईट न करणं याला चांगुलपणा म्हणायचा का? आत्या जवळजवळ रागावलीच. म्हणाली, मार तर समोर उभा आहे, परलोक कुणी बघितलाय? जो समोरच्या माराला घाबरत नाही आणि न दिसणाऱ्या गोष्टीला घाबरतो त्याला तू भित्रा म्हणतेस?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी येताना मला हक फिन आठवला, मार्क ट्वेनचा, अमेरिकेत १८८५ साली पुस्तक आलं ते. त्याची अडचण बरोबर उलटी. त्याला लहानपणापासून शिकवलंय की पळालेल्या गुलामाला मदत करणं हे पाप, म्हणून तो जिमचा पत्ता कळवणारं पत्र लिहितो सुद्धा, आणि मग जिम आपल्याशी कसा वागला ते आठवतं आणि पत्र फाडून टाकतो, नरकात जाईन तर जाईन म्हणून. एक गुलाम नरकाच्या भीतीने बाईला वाचवायला बघतो आणि एक पोरगा नरक पत्करून गुलामाला वाचवतो. श्रद्धा एकमेकांच्या विरुद्ध, पण दोघांच्याही समोर एक जिवंत माणूस आहे आणि त्याचं वाईट यांच्या हातून होत नाही. मला वाटतं चांगुलपणा तिथे असतो, त्याचं कारण काय दिलं ते नंतरचं. ज्याला जी भाषा येते त्या भाषेत तो नाही म्हणतो.

आत्याने मग तिच्या नोकरीतली एक गोष्ट सांगितली. ती एका शाळेत शिकवायची, तिथे, बरीच वर्षं झाली त्याला, परीक्षेच्या वेळी कुणा मोठ्या माणसाच्या मुलासाठी रात्री उत्तरपत्रिकांचं कपाट उघडायला सांगितलं गेलं. किल्ली शिपायाकडे. तो म्हणाला, “साब, और कुछ भी करवा लो, ये मेरे से नहीं होगा.” त्याची बदली झाली आणि कपाट दुसऱ्या कुणी उघडलं. मी विचारलं मग उपयोग काय झाला? ती म्हणाली, त्याने उघडलं नाही ना.

हा उपयोगाचा प्रश्न नाटकातही आहेच. शकार शेवटी स्वतःच गळा दाबतो आणि खून चारुदत्तावर ढकलतो, स्थावरकाला बेड्या घालून प्रासादात वर कोंडतो. दहाव्या अंकात चारुदत्ताला वधस्थानाकडे नेत असताना तो वरून उडी मारतो, मेलो तर मेलो म्हणून, आणि ओरडून खरं सांगतो. आणि कुणी विश्वास ठेवत नाही! शकार म्हणतो हा चोर आहे, सोनं चोरलं म्हणून मी मारलं, म्हणून आता माझ्यावर उठलाय. गुलामाचा शब्द, कोण ऐकणार. पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार वाईट वाटलं. पण आत्ता परत चाळताना लक्षात आलं की मिरवणूक तेवढा वेळ थांबलेली आहे. पुढे वध करणारे चांडाळ वार करायची पाळी कुणाची यावर वाद घालतात, त्यातही वेळ जातो, आणि तिला वाचवणारा बौद्ध भिक्षू वसंतसेनेला घेऊन पोहोचतो तो अगदी शेवटच्या क्षणी. ती मेलेली नसते. स्थावरकाने घालवलेला तो वेळ नसता तर? नाटककाराने असं कुठे लिहिलेलं नाही, हे माझं वाचन आहे, पण मला ते खरं वाटतं.

शेवटी सगळ्यांना काही ना काही मिळतं. भिक्षूला सगळ्या विहारांचं प्रमुखपद, चांडाळांनाही त्यांच्यातलं मुख्यपण, आणि स्थावरकाला एवढंच की हा आता दास नाही. आत्याला उद्या हे वाचून दाखवेन, तिचं काय म्हणणं पडतं बघू.

जानेवारीत आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळींचं नाट्यवाचन ठरतंय आणि मृच्छकटिकच घेऊ असं मी ग्रुपवर टाकलंय. वसंतसेनेसाठी आत्तापासून तिघीजणी तयार आहेत. मी लिहून ठेवलंय की मला स्थावरक वाचायचाय, बाई असले तरी.