आमची वाटचाल : एकाला धरलं की दुसरं सुटतंय

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत भाड्याची शेड, एक लेथ, दोन वेल्डिंग सेट. माणसं तीन: मी, धाकटा भाऊ आणि फिटर मामा. एवढ्यावर आम्ही बेल्ट कन्व्हेयर, म्हणजे माल वाहणारे फिरते पट्टे, बनवायला लागलो. सुरुवातीची कामं हलकी होती, निभावली.

मग एका फाउंड्रीची ऑर्डर आली. शेकआउटची, म्हणजे साचा फोडून ओतीव काम काढल्यावर सुटणारी, वाळू वाहायची. मी एकेक वस्तू सुटी सुटी निवडली. बेल्ट चार प्लायचा, म्हणजे कापडाच्या चार थरांचा, कारण तोच स्वस्तात मिळत होता. बेल्ट फिरवणारा ड्रम आठ इंची पाइपचा, बाहेरून 219 मिलिमीटर, कारण तुकडा शेडमध्ये पडूनच होता. मोटर 1440 आरपीएमची, गिअरबॉक्स 30:1, म्हणजे मोटरचे तीस फेरे तेव्हा ड्रमचा एक. बेल्ट मिनिटाला 33 मीटर चालायला लागला आणि मी खूश.

तिसऱ्या महिन्यात बेल्ट सांध्यापाशी उलला. जाड बेल्टला लहान ड्रमवर फार वाकावं लागतं. बारा इंची पाइपचा, 324 मिलिमीटरचा ड्रम बसवला, तर वेग 49 मीटरवर गेला आणि वाळू सांडू लागली. वेग उतरवायला 45:1 गिअरबॉक्स आणला. पण त्रिज्या दीडपट झाली की तेवढ्याच ओढीला टॉर्कही दीडपट लागतो, म्हणून तो एक साइज मोठा घ्यावा लागला. वर्म गिअरबॉक्समध्ये रेशो वाढला की घर्षणात जास्त ताकद जाते. आधीच काठावर असलेली 2 एचपीची मोटर तापायला लागली, तिथं 3 एचपी आली. एवढं करून गिअरबॉक्स जुन्या बेसवर बसेना, फ्रेम कापली. नफा गेला, वर पदरचे घातले. मामा म्हणाले, "मालक, एकाला धरलं की दुसरं सुटतंय बघा."

आता ड्रॉइंगआधी भाऊ आणि मी मोठ्या कागदावर जुळण्या मांडतो. तीन बेल्ट, तीन ड्रम, चार गिअरबॉक्स, दोन मोटर: 72 होतात. बऱ्याचशा बेल्ट आणि ड्रम जुळत नाहीत म्हणूनच कटतात. उरलेल्यांना अख्ख्या कन्व्हेयरची किंमत लावतो, सुटा भाग कोल्हापूरच्या उद्यमनगरात मिळतो का तेही बघतो. मजा अशी की कमी प्लायचा, पातळ पण महागडा बेल्ट पुष्कळदा शेवटी स्वस्त पडतो, कारण ड्रम, गिअरबॉक्स सगळंच लहान होतं. भाऊ अजून बेल्टचं बिल बघून कुरकुरतो.

गिऱ्हाईक मात्र म्हणतं, मोटर आमच्याकडे पडून आहे, तीच बसवा. की 72 मधल्या 36 तिथंच गेल्या.