वेस्ट मॉन्ट्रोझचा छपराचा पूल : नव्या मल्टी-कॅशची तयारी

कॅनडातल्या वॉटरलूच्या उत्तरेला, ग्रँड नदीकाठी वेस्ट मॉन्ट्रोझ हे छोटंसं गाव आहे. तिथला १८८१ सालचा लाकडी छपराचा पूल हा ऑन्टारिओत उरलेला या प्रकारचा एकमेव जुना पूल. जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसवरून लपवलेली डबी शोधायचा खेळ, त्यातली माझी पुढची मल्टी-कॅश (अनेक टप्प्यांनी सापडणारी डबी) इथेच लागणार. जागा पाहून झाल्या, आकड्यांचं गणितही बसलंय.

पुलावर मात्र डबी लावायची नाही, हे पक्कं आहे. सांगाड्याला नंतर पोलादी आधार दिलेत, त्यामुळे चुंबकाची नॅनो, म्हणजे अगदी इवलीशी डबी, सहज चिकटेल. पण डबी हाताला लागली नाही की शोधणारे फळ्या चाचपायला, उचकायला लागतात. एवढ्या जुन्या लाकडाचे असे हाल मला बघवणार नाहीत. शिवाय पूल वापरात आहे आणि एकपदरी आहे. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या घोडागाड्या इथून रोज जातात. गाडी आत शिरली की टापांचा आवाज छपराखाली असा घुमतो, की ती कुठल्या बाजूने येतेय तेच कळत नाही. घोडा बिचकू नये म्हणून कडेला सरकून स्वस्थ उभं राहायचं. गाडीतल्या माणसांचे फोटो काढू नका, त्यांना ते आवडत नाही.

छपराखाली जीपीएसचाही भरवसा नाही. मी पुलाच्या मधोमध उभं असताना फोनवरचा ठिपका नदीत पोहत होता! म्हणून पहिले दोन्ही टप्पे नुसत्या निरीक्षणाचे ठेवलेत : फलकावरचं साल, आणि काठावरून मोजायच्या पुलाच्या खिडक्या. या आकड्यांवरून शेवटच्या डबीची जागा काढायची. अशा टप्प्यांना डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर ठेवायचा नियम लागू होत नाही, हा मोठा फायदा.

शेवटची डबी किसिंग ब्रिज ट्रेलवेच्या कडेला असेल. ग्वेल्फपासून मिलबँकपर्यंतच्या जुन्या रेल्वेमार्गावरची ही पायवाट गावाजवळूनच जाते. परवानगीचा अर्ज केलाय. डबी घट्ट झाकणाची, लॉगबुक (शोधणाऱ्यांची नोंदवही) दुहेरी पिशवीत, आणि सोबत पेन नाही, पेन्सिल. इथल्या थंडीत शाई गोठते. पाचपैकी डिफिकल्टी (शोधायला किती अवघड) २, टेरेन (वाट किती अवघड) १.५ धरलंय.

परवानगी आली की बीटा टेस्टला, म्हणजे आधी खेळून बघायला, दोघं-तिघं हवेत. खिडक्यांचा आकडा प्रत्येकाचा सारखाच येतो का, तेवढं आधी तपासायचंय.