क्रेटॉस आणि फ्रेया : दुसऱ्या फेरीच्या नोंदी

गॉड ऑफ वॉर (२०१८) हा व्हिडिओ गेम अजून खेळला नसेल तर इथूनच मागे फिरा. पुढे शेवटापर्यंत सगळं उघडं करून ठेवलंय.

सद्यस्थिती : मुख्य कथा ‘गिव्ह मी गॉड ऑफ वॉर’ या सर्वांत अवघड पातळीवर संपली. ही डिफिकल्टी एकदा धरली की मधेच खाली उतरता येत नाही, आणि सुरुवातीला अंगावर ना चिलखत ना रूनिक अटॅक (मंत्राचे खास वार), त्यामुळे साधे ड्राउगर, म्हणजे उठलेले मुडदेही दोन फटक्यांत आडवं करतात. पहिल्या ट्रोलने जेवढा घाम काढला तेवढा शेवटी मुख्य शत्रू बाल्डरनेही काढला नाही. वाल्किरी, म्हणजे पंखवाल्या योद्ध्या बायका, बाकी आहेत. त्यांची राणी सिग्रून, तिचं नाव आत्ताच काढू नका.

त्यात देवगडचा पाऊस. वारा सुटला की वीज गेलीच, आणि बॉस फाइट चालू असेल तर परत चेकपॉइंटपासून. इन्व्हर्टरवर पंखा, टीव्ही आणि कन्सोल तिन्ही ओढायला गेलो की तो ओरडायला लागतो, म्हणून पंखा बंद. किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांसाठी एक सूचना : खेळून झालं की कन्सोल गार होऊ द्या, मग कपड्याने झाका आणि शेजारी सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. खारी हवा पोर्टमध्ये शिरली की एचडीएमआय आधी जातं.

मावसभाऊ ट्रॉलरवर असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी, त्यामुळे सध्या तो घरी आणि कंट्रोलरचा अर्धा वाटेकरी. त्याच्या मते या गेमची खरी जोडी म्हणजे नायक क्रेटॉस आणि फ्रेयाचा मुलगा बाल्डर. एकाने बापाला मारलं, दुसरा आईला मारायला निघालाय, हिशेब चोख. मी मात्र ही फेरी फ्रेयाकडे डोळे लावून खेळलो. परवा तो म्हणालाच, “दादा, तुका फ्रेयाची बाजू घेवची हा, बाकी काय नाय.” असेल.

वरवरचं साम्य सगळ्यांना दिसतं. दोघंही देव, दोघंही लपून राहणारे. क्रेटॉस ग्रीसमधलं सगळं जाळून मिडगार्डच्या, म्हणजे माणसांच्या जगातल्या, जंगलात येऊन बसलाय. फ्रेया वानिर कुळातली, दोन देवकुळांत तह व्हावा म्हणून दुसऱ्या कुळाच्या राजाशी, ओडिनशी, लग्न केलेली, आणि ते मोडल्यावर त्याच्याच शापाने मिडगार्डमध्ये अडकलेली. दोघांना एकेक मुलगा, आणि दोघांनीही मुलापासून एकेक गोष्ट दडवलेली. पण पहिल्या फेरीत माझ्या नजरेतून निसटलं ते हातांचं. क्रेटॉसचे हात काहीही करू शकतात, त्याची सगळी धडपड ते आवरण्याची. फ्रेयाला मात्र ओडिनने लढताच येऊ नये असं करून ठेवलंय, स्वतःच्या बचावासाठीसुद्धा नाही. एल्फांच्या जगाच्या, अल्फहाइमच्या वाटेवर ती सोबत निघते आणि शाप तिला तिथूनच मागे खेचून नेतो, तो प्रसंग पहिल्यांदा मी नुसता ‘ट्यूटोरियल संपला’ म्हणून पाहिला होता. शेवटच्या लढाईत तिला स्वतःला हात उचलता येत नाही, म्हणून ती मेलेल्या थामूर या जायंटचं (राक्षसाचं) अवाढव्य प्रेत उठवते. क्रेटॉस आणि बाल्डरला मारायला नव्हे, वेगळं करायला.

क्रेटॉसच्या मेलेल्या बायकोचं, फेचं काय, हेही इथेच सांगून टाकतो. राईतल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नसते हे आमच्याकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. क्रेटॉस गेमच्या पहिल्याच दृश्यात बायकोच्या हाताचा सोनेरी ठसा असलेलं झाड तोडतो, तिच्याच चितेसाठी. घराभोवतीचं संरक्षण त्याने मोडतं आणि बाल्डर दारात येऊन उभा राहतो. फे स्वतः जायंट होती हे तिने ना नवऱ्याला सांगितलं ना मुलाला. म्हणजे दडवादडवीत तिसरी तीही आहे. पण तिला कोणी बोल लावत नाही, कारण ती गेलेली आहे.

आता मुद्द्याचं. बाल्डर जन्मला तेव्हा त्याला व्यर्थ मरण येणार असं रून्सनी सांगितलं. फ्रेयाने मंत्र घातला आणि त्याला कशानेच इजा होईनाशी झाली. बदल्यात त्याची संवेदनाच गेली : ना वेदना, ना चव, ना ऊन, ना थंडी. मूळ नॉर्स कथेत फ्रिग सगळ्या वस्तूंकडून शपथ घेते, फक्त मिस्लटो सुटतं (आपल्या कलमांवर बसणाऱ्या बांडगुळाचं लांबचं भावंड), आणि त्यानेच बाल्डर मरतो. तिथे त्याचं काही हरवत नाही, उलट देव त्याच्यावर शस्त्रं फेकून मजा बघतात. संवेदना जाण्याची किंमत गेमने जोडली, फ्रिग आणि फ्रेया एकच केल्या, आणि सगळी गोष्ट आईकडे वळली. माझ्या मते अख्ख्या लेखनातला हा सर्वांत हुशार बदल.

क्रेटॉसचं दडवणं वेगळ्या जातीचं. त्याला मुलाच्या भविष्याची भीती नाही, स्वतःच्या भूतकाळाची आहे. त्याचा मुलगा ॲट्रियस तापाने फणफणतो कारण तो देव असून स्वतःला माणूस समजतो. फ्रेया हे ओळखते, उपाय म्हणून मेलेल्यांच्या जगातलं, हेल्हाइममधलं काळीज आणायला पाठवते, आणि खरं काय ते मुलाला सांग म्हणून बजावतेसुद्धा. त्याच वेळी क्रेटॉस जमिनीखाली पुरलेली ब्लेड्स ऑफ केऑस, म्हणजे ग्रीसमधली त्याची आगीची पाती, बाहेर काढतो, कारण हेल्हाइमच्या थंडीपुढे बर्फाची कुऱ्हाड कामाची नाही. पहिल्यांदा खेळताना फक्त ब्लेड्स मिळाल्याचा आनंद झाला होता. या वेळी लक्ष सगळं त्या बाईकडे. दुसऱ्याच्या मुलाच्या उशाशी बसून ती जो सल्ला देते, तो तिला स्वतःला कधीच पाळता येत नाही.

इथे बरेच जण म्हणतात, क्रेटॉस शिकला, फ्रेया शिकली नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. क्रेटॉसला खरं बोलून काय गमवायचंय? मुलाच्या डोळ्यांतली स्वतःची किंमत. ॲट्रियस काही दिवस उर्मट होतो, थॉरचा मुलगा मोदी याला मारून मोकळा होतो, प्रकरण चिघळतं हे खरं, पण मुलगा जिवंत असतो. फ्रेयाने खरं सांगायचं म्हणजे बाल्डरच्या हातात मिस्लटो द्यायचं, कारण गेममध्येही मंत्र त्यानेच तुटतो. दोन्ही सत्यांचं वजन सारखं नाही.

तरीही ती चुकते, आणि तेही फार छोट्या जागी. सिंद्री या बुटक्या लोहाराने ॲट्रियसला दिलेले मिस्लटोचे बाण पाहताच ती भडकते आणि ते जाळून टाकते. परत दिसले तर नष्ट कर असं त्याच्याकडून वदवून घेते, पण कारण सांगत नाही. त्यातल्याच एका बाणाचं टोक ॲट्रियसच्या भात्याच्या पट्ट्यात बसलेलं असतं, क्रेटॉसनेच बसवलेलं. कारण कळलं असतं तर कोणाला तरी तो पट्टा आठवला असता. बाल्डर पोराच्या छातीवर ठोसा मारतो, टोक हातात घुसतं आणि मंत्र तुटतो. ॲट्रियसचं आईने ठरवलेलं नाव लोकी होतं हे शेवटी कळतं, तेव्हा मूळ कथेतलं लोकीचं काम, म्हणजे मिस्लटोने बाल्डरचा घात घडवणं, इथे कोणी आणि किती नकळत केलं ते लक्षात येतं. यावर मी कंट्रोलर खाली ठेवून हसलो होतो.

आणि आता ज्यासाठी ही नोंद लिहायला घेतली ते. बाल्डर आईचा गळा आवळतो. ती त्याला अडवत नाही. माझ्या मरणाने तुझं समाधान होणार असेल तर तसं होऊ दे, इतकं स्पष्ट ती बोलते. क्रेटॉस पुढे होतो, ही साखळी इथे थांबली पाहिजे म्हणतो आणि बाल्डरची मान मोडतो. पहिल्या फेरीत मला हे सुटका वाटलं होतं. या वेळी कटसीन थांबवून पुन्हा पाहिलं. फ्रेयाने बाल्डरला न विचारता जगवलं. क्रेटॉसने फ्रेयाला न विचारता जगवलं. दोघांनीही समोरच्याचा निर्णय स्वतःच्या हातात घेतला, दोघांचा हेतू चांगलाच होता, आणि दोघांच्या वाट्याला त्याच माणसाचा जळता द्वेष आला ज्याला वाचवलं. फ्रेया क्रेटॉसला जे शाप देते त्यात बाल्डरच्याच संतापाची धग आहे. डॅनिएल बिसुटीने तिथे आवाज असा फोडलाय की सबटायटल्स वाचावी लागत नाहीत.

मावसभाऊ यावर गप्प बसला नाही. त्याचं म्हणणं, बाल्डर तिला मारूनही थांबला नसता, तेव्हा क्रेटॉसने केलं ते बरोबर. बरोबर असेलही. पण फ्रेयानेही ‘बरोबर’ म्हणूनच केलं होतं ना?

त्याच दृश्यात आणखी एक आहे. तू मला ओळखत नाहीस असं क्रेटॉस म्हणतो, तेव्हा ती मुलाकडे बोट दाखवून विचारते, हा तरी ओळखतो का? यानंतरच क्रेटॉस ॲट्रियसला सांगतो की मी स्वतःच्या बापाला मारलंय. हेल्हाइममध्ये पोराने ते दृश्य पाहिलेलं असतं, पण बापाच्या तोंडून ऐकणं वेगळं. म्हणजे गेममध्ये क्रेटॉस मुलापुढे दोनदा मन उघडतो, आणि दोन्ही वेळा त्याला तिथवर ढकलते ती फ्रेया. एकदा मैत्रीण म्हणून, एकदा वैरीण म्हणून.

हेल्हाइमबद्दल एक पुरवणी. तिथे सगळ्यांना आपापला भूतकाळ समोर दिसतो. क्रेटॉसला त्याने मारलेला बाप झ्यूस, बाल्डरला आईशी झालेलं भांडण. बाल्डर ते सगळं पुन्हा बघत असताना बापलेक आडोशाला उभे राहून ऐकतात. म्हणजे क्रेटॉसला बाल्डरचं दुखणं आधीच माहीत होतं. दुसऱ्या फेरीत ही जागा मुद्दाम सावकाश खेळा. कमरेला लटकवलेलं बोलकं मुंडकं मिमीर, त्याच्या कथांसाठी जसे आपण किनाऱ्याला न लागता होडी गोल फिरवत बसतो, तसंच.

पुढचं काम : मुस्पेलहाइमच्या चाचण्या, निफ्लहाइममधून चिलखताचा माल, मग वाल्किरी ओळीने. वाल्किरींकडे बघायचं आणखी एक कारण म्हणजे फ्रेयाचे पंखही ओडिनने काढून घेतलेत, तेव्हा वाटेत त्यांच्याबद्दल मिमीर जे जे बोलतो ते लिहून ठेवणार आहे. त्यानंतर रॅग्नारॉक (२०२२), जिथे सुरुवातीलाच ती बापलेकांच्या घसरगाडीवर झेपावते आणि पुढे त्याच क्रेटॉसच्या खांद्याला खांदा लावून लढते. तो बदल नेमका कुठल्या वाक्याला सुरू होतो ते शोधायचंय. कोणी आधीच टिपून ठेवलं असेल तर जागा सांगा, वाक्य सांगू नका.