५.९ चा रिपोर्ट

आमचे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते. सातारा-कराडमधले थांबे ते झोपेतही सांगतील असं आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या. शेंद्रे, नागठाणे, अतीत, काशीळ, उंब्रज. कुठून कुठे किती टप्पे आणि किती तिकीट, हे मशिन येण्याआधी सगळं त्यांच्या डोक्यात असायचं. त्यामुळे मागच्या वर्षी ते दूधवाल्याला दोन-दोनदा पैसे द्यायला लागले, तेव्हा घरात सगळे एकमेकांकडे बघायचे आणि बोलायचं कुणीच नाही.

मी घरी ब्लाउज शिवते. माझं मशिन पुढच्या खोलीत, दाराशीच. अण्णा दिवसभर समोर. सकाळी पेपर वाचून सरकारला झोडपणारा माणूस दुपारी साडेबारा-एकच्या सुमाराला वेगळाच व्हायचा. जेवायला हाक मारली तर खेकसायचे. एकदा आपली चप्पल उचलून माझ्या मशिनच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, वर बॉबिनं नीट रचली. जेवण झालं की तासाभरात पुन्हा नेहमीचे अण्णा. आई म्हणायच्या, "भूक सहन होत नाही ह्यांना, पहिल्यापासून." आमचे हे म्हणाले, वय झालं, ७६ म्हणजे काय कमी आहे का. शेजारच्या काकूंनी 'म्हातारचळ' हा शब्द उच्चारूनच टाकला. मनातून मलाही तेच वाटत होतं, खोटं कशाला बोलू.

शुगरकडे लक्ष जायचं कारणच नव्हतं, कारण शुगर झकास होती. २२ वर्षांचा डायबेटिस आणि एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, ५.९! तेव्हाच्या डॉक्टरांनी रिपोर्टवर शाबासकी लिहून दिली होती. अण्णा तो कागद फाइलीत सगळ्यात वर ठेवायचे आणि येईल त्याला दाखवायचे, शाळेतल्या प्रगतिपुस्तकासारखा.

कुणाचे ब्लाउज कधी द्यायचे ते मी कालनिर्णयवर लिहून ठेवते. त्याच चौकटींत अण्णांच्या वाईट दुपारी मी बारीक फुलीने मांडायला लागले. दोन महिन्यांनी बघितलं तर फुल्या बऱ्याचशा शनिवारी आणि संकष्टीला. अण्णांचे हे दोन्ही उपास कडक, दिवसभर चहावर. मी त्यातून काय अर्थ काढला? उपासाने चिडचिड होते. पुराव्याची चौकट समोर भिंतीवर टांगलेली आणि आम्ही तिच्याखाली बसून चहा पीत होतो.

मग आषाढातली संकष्टी आली. सकाळची गोळी त्यांनी नेमाने घेतली, कारण गोळीला उपास नसतो. संध्याकाळी साडेसहाला धाकटा खेळून आला तर अण्णा उंबऱ्यात उभे, आडवा हात धरून. "पुढं सरका, पुढं! सुट्टे काढून ठेवा." पोराला वाटलं आजोबा खेळतायत. त्यानेही "एक कराड" म्हणून हात पुढे केला. अण्णांनी खिशात तिकीट शोधायला सुरुवात केली आणि ते मिळेना म्हणून रडायला लागले. मी जवळ गेले तर सदरा पिळून काढावा इतका ओला.

शुगरचं मशिन घरात होतं, पण ते सकाळी उपाशीपोटी बघण्यापुरतं. बोट टोचलं. ४६, फारच कमी.

ते शुद्धीत होते, गिळत होते. चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. (शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नसतं, श्वासनलिकेत जातं. तेव्हा मला हे माहीत नव्हतं, आमचं नशीब.) पंधरा मिनिटांनी ७४. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "चंद्र उगवला का?"

मला वाटलं, झालं, निभावलं. पण दवाखान्यात त्यांना रात्रभर ठेवून घेतलं. अण्णांची सकाळची गोळी होती ग्लिमेपिराइड. अशी गोळी स्वादुपिंडाला चिमटे काढून इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही याच्याशी तिला देणंघेणं नसतं. तिचा अंमल बराच वेळ टिकतो, साखरपाण्याचा तासाभरात ओसरतो, त्यामुळे शुगर पुन्हा घसरू शकते. त्यात अण्णांचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम दाखवणारा आकडा, वाढून १.८ झालेलं. किडनी मंदावली की गोळीचा अंश अंगात रेंगाळतो. वय वाढलं, किडनी दमली, जेवण निम्म्यावर आलं आणि गोळी मात्र दहा वर्षांपूर्वीचीच.

नवीन डॉक्टरीणबाईंनी तो लाडका ५.९ चा कागद पाहिला आणि कपाळाला हात लावला. म्हणाल्या, ही सरासरी आहे. दुपारी ५०, रात्री २००, असं केलं तरी सरासरी देखणीच येते. या वयात, या गोळीवर ५.९ दिसलं की आधी 'लो'ची, म्हणजे शुगर फार खाली जात असल्याची, शंका घ्यायची. मग आठवत गेलं. पहाटे अण्णांचं बनियन भिजलेलं असायचं. त्यावर आम्ही नवा पंखा बसवला होता!

हातपाय थरथरले असते, छातीत धडधडलं असतं, तर आम्हाला कळलं असतं. पण बीपीसाठी त्यांना बीटा ब्लॉकर चालू होता आणि तो नेमकी हीच लक्षणं झाकतो. घाम तेवढा राहतो. आणि राहतं डोकं. मेंदू शरीराच्या वजनाच्या दोन टक्के, पण एकूण इंधनातला पाचवा हिस्सा एकटा खातो, दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज. स्वतःजवळ साठा जवळजवळ शून्य. स्नायू चरबीवर वेळ मारून नेतात, मेंदूला ती थेट चालत नाही. म्हणून रक्तातली साखर घसरली की पहिल्यांदा माणसाचा स्वभाव बिघडतो. चिडणं, हट्ट, बरळणं. रस्त्यात असं झालं तर लोक म्हणतात, प्यायलाय.

पुढे मी बरंच वाचलं, बाईंनाही छळलं. २००९ साली कॅलिफोर्नियातल्या १६,६६७ मधुमेही रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना दवाखाना गाठावा लागेल इतकी लो तीनदा किंवा जास्त वेळा झाली होती, त्यांच्यात पुढे स्मृतिभ्रंशाचा धोका जवळपास दुप्पट दिसला. यावरून लोनेच मेंदू खाल्ला असं सिद्ध होत नाही. उलटही असतं. विसरणारा माणूस जेवायचं विसरतो, घेतलेली गोळी पुन्हा घेतो. दोन्ही एकमेकांना ढकलत असतात. अण्णांच्या बाबतीत कोण आधी, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

म्हणून वाढलेली शुगर बरी, असंही नाही हो. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात १९९९ मध्येच दिसलं होतं की मधुमेह्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका जवळजवळ दुप्पट. अण्णांच्या एमआरआयवर आत पांढरे ठिपके आहेत, बारीक रक्तवाहिन्यांची झीज. ती कमाई आधीच्या वर्षांची. ड्यूटीवर रात्री अकराला ढाब्यावर जेवण, शुगर ३०० आणि बीपीची गोळी आठवली तर. निवृत्तीनंतर घाबरून त्यांनी जे टोकाचं पथ्य धरलं, ते दुसऱ्या बाजूला जाऊन पडलं. अमेरिका-कॅनडातल्या 'अकॉर्ड' चाचणीत दहा हजारांवर लोक होते. त्यातला एचबीए१सी ६ च्या खाली आणण्याचा गट २००८ मध्ये थांबवावा लागला, कारण त्यात मृत्यू जास्त झाले. स्मरणशक्तीच्या परीक्षेतही त्या गटाला काही जादा गुण मिळाले नाहीत.

शिवाय बी१२ जीवनसत्त्व. मेटफॉर्मिन, म्हणजे त्यांची शुगरची दुसरी गोळी, वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, त्यात आमचं घर शाकाहारी. अण्णांचं १४० निघालं, कमीच. तेही विसराळूपणात भर घालतं. इंजेक्शनं सुरू झाली. ग्लिमेपिराइड बंद, तिच्या जागी लिनाग्लिप्टिन, जी एकटी सहसा लो करत नाही आणि किडनीलाही चालते. मेटफॉर्मिन निम्मी. एचबीए१सी साडेसात ते आठच्या दरम्यान ठेवायचं ठरलं. काकू म्हणाल्या, "अगंबाई, डॉक्टरच साखर वाढवायला सांगतात?" अण्णांना तर हा अपमानच वाटला. ५.९ वरून ७.६, म्हणजे नापासच की!

उपासावरून घरात तीन दिवस महाभारत झालं. शेवटी आईंनी मिटवलं. "गणपतीला मोदक आवडतात, तुम्ही उपाशी राहिलेलं नाही." संकष्टीला आता दुपारी एकला भगर-आमटी, शनिवार सुटला.

आठ महिने झाले. दुपारच्या फुल्या थांबल्या. पण सगळं परत आलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरीणबाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं होतं, तेव्हा बाराही आकडे एका बाजूला आले होते. आता आकडे जागेवर येतात, काटे चुकतात. थांबे म्हणताना कधी काशीळ राहतं, मग धाकटा ओरडतो, "अण्णा, काशीळचे पॅसेंजर ओरडतायत!" आणि ते गाडी मागे घेतात.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मी ग्लुकोजच्या छोट्या पुड्या ठेवते, दर सोमवारी चार. रविवारपर्यंत एखादीच उरते. मशिनवर मात्र गेल्या कित्येक आठवड्यांत ९० च्या खाली काही दिसलेलं नाही. परवा विचारलं, "अण्णा, पुड्या जातात कुठे?" तर म्हणाले, "सुट्टे लागतात गं जवळ."