आरशाशेजारचा फोटो

"ताई, ही बाई कोण?" शिवणवर्गात नवीन आलेली प्रत्येक जण आठवडाभरात हे विचारतेच. एकीला तर ती माझ्या नात्यातली वाटली होती. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

फोटोतली ती लिसा फॉन्साग्रीव्ह्ज, फॅशन मॉडेल. १९११ साली स्वीडनमध्ये जन्मली, नाचासाठी पॅरिसला गेली. १९३६ मध्ये होर्स्ट या फोटोग्राफरसमोर ती उभी राहिली, तेव्हा हातापायांचं काय करायचं हेच तिला कळेना. मग ती लूव्र संग्रहालयात गेली आणि चित्रांतली माणसं अंगावरचे कपडे कशी वागवतात ते पाहत राहिली. मला ती आवडायला लागली ती इथून.

भिंतीवरचा फोटो एर्विन ब्लूमेनफेल्डने १९३९ मध्ये काढलेला. आयफेल टॉवरच्या अगदी कडेला ती उभी आहे, खाली पॅरिस पसरलंय. अंगात लुसियाँ लेलाँग या फ्रेंच फॅशन डिझायनरचा झगा. सगळ्यांची नजर आधी उंचीवर जाते. माझी जाते तिच्या हातावर. एका हाताने लोखंड धरलंय आणि दुसऱ्याने घेराची कड उचलून वाऱ्यावर सोडलीय. घेर किती, कापड किती हलकं, ते कसं पडतं, सगळं त्या एका हाताने दाखवलंय. कापड कळल्याशिवाय असा हात उचलला जात नाही.

गेल्या महिन्यात एक विद्यार्थिनी स्वतः शिवलेला पहिला कुडता घालून आरशासमोर उभी होती. मुंढ्यापाशी झोळ येतोय, उसवते म्हणाली. डोळे भरून आले होते तिचे. मी म्हटलं, थांब, खांदे खाली सोड, श्वास घे. झोळ गेला. बेतलं बरोबर होतं, तीच आखडून उभी होती.

१९५० मध्ये अर्व्हिंग पेन या फोटोग्राफरने पॅरिसमध्ये वरच्या मजल्यावरच्या एका स्टुडिओत, नाटकाचा जुना पडदा मागे लावून, खिडकीच्या उजेडात तिथल्या मोठमोठ्या शिवणघरांचे कपडे टिपले. त्यातही लिसा होती, एकोणचाळिशीची. त्याच वर्षी दोघांनी लग्न केलं. पुढे ती शिल्पं करू लागली.

आपण फक्त एक चांगलं हँगर आहोत, असं ती म्हणाली होती. मला हे मुळीच पटत नाही. हँगरवर बाही नुसती लोंबते. त्या कुडत्याचा झोळ काही हँगरने घालवला नसता.

म्हणून तो फोटो कापडं बेतायच्या टेबलापाशी न लावता ट्रायलच्या आरशाशेजारी लावलाय.